मनगटावरचा जांभळा

कलेसाठी रक्त सांडावं लागतं, असं दीनानाथ पळसुले गेली काही वर्षं भेटेल त्याला ऐकवत आले होते. गुरुवारी संध्याकाळी ते खरोखर सांडलं, तेव्हा ते भाड्याच्या हिरव्या गालिच्यावर उताणे पडून "टिश्यू! अलका, टिश्यू आण!" असं ओरडत होते, आणि त्यांच्या छातीवर गुडघा रोवून बसलेला विजय रेवणकर रियाधच्या मराठी मंडळाची पितळी समई दुसऱ्यांदा उचलत होता.

पहिला घाव उजव्या कानावर बसला होता. समईच्या टोकावरच्या मोराची चोच कानात वरून घुसली आणि खाली येताना अर्धा कान सोबत घेऊन आली. तो आता गालावर लोंबत होता. समईत तेल नव्हतं. जागेच्या मालकाला उघडी ज्योत चालत नसे, म्हणून मंडळाने बॅटरीवरच्या वाती आणल्या होत्या. विजयने समई उगारली की त्या लुकलुकत, खाली आणली की विझत आणि पुन्हा उगारली की इमानाने पेटत.

दुसरा घाव गालफडावर बसला. आवाज सुपारी फोडल्यासारखा आला.

"अरे सोड, मरेल तो!" सिराजुद्दीनचाचांनी मागून विजयच्या काखांत हात घातले. चाचा मूळचे श्रीवर्धनचे. रियाधमधल्या यच्चयावत मराठी कार्यक्रमांचं जेवण त्यांच्याकडे असे, आणि आत्ताही त्यांच्या एका हातात झारा होता. "तो मेला तर माझी बिर्याणी कोण खाईल इथे? सोड म्हणतो ना!"

विजयने कोपर मागे हाणलं. चाचांचा पुढचा दात गालिच्यावर पडला. तो आधीपासूनच हलत होता, असं चाचांनी नंतर मोठ्या मनाने सांगितलं.

मोकळा झालेला विजय दीनानाथांकडे परत वळला नाही. तो उठला, समई भाल्यासारखी आडवी धरली आणि मुख्य भिंतीपाशी जाऊन 'स्त्री-चित्रकार' या तैलचित्रात खुपसली. बाहेर काढली, पुन्हा खुपसली. मग तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा एकाच जागी.

"व्हिडिओ काढू नका!" मंडळाचे अध्यक्ष शार्दूल सबनीस खुर्चीवर चढून ओरडत होते. "काढला असेल तर ग्रुपवर टाकू नका!"

तोवर तो तीन ग्रुपांवर जाऊन चौथ्यावरून परत आला होता.

ही जागा म्हणजे शहराबाहेरची इस्तिराहा, म्हणजे चारी बाजूंनी उंच भिंत, आत एक हॉल, थोडी हिरवळ आणि पोहण्याचा तलाव, सुट्टीला भाड्याने मिळणारी. उंच भिंतीमुळे आतला आवाज बाहेर जात नाही, हा तिचा मुख्य गुण. पण राखणदार आतच होता आणि त्याने पोलिसांना फोन केला. आलेल्या तरुण पोलिसाने रक्ताळलेली समई उलटसुलट करून पाहिली. वाती अजून लुकलुकत होत्या. त्याने बूड चाचपून बटण शोधलं, वाती बंद केल्या आणि मग विजयला बेड्या घातल्या.

जाता जाता विजयने खिशातला फोन बायकोच्या हातात कोंबला.

"ऑफिसात कुणाला कळवू नकोस."

"बरं," विभा म्हणाली. ती लांब बाह्यांच्या कुर्त्यात चहाच्या टेबलापाशी उभी होती. समई उचलली गेली तेव्हाही ती तिथेच होती. तिने फोन पर्समध्ये टाकला आणि चेन लावली.

*

दीनानाथ एका बँकेच्या डेटा सेंटरमध्ये मोठ्या हुद्द्यावर होते. वीस-पंचवीस वर्षं त्यांनी रियाधमध्ये सर्व्हर चालू ठेवण्याचं काम केलं आणि सर्व्हर चालू असेतोवर त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जाण्याचं कारण नव्हतं. कोविडच्या टाळेबंदीत त्यांनी ब्रश हातात घेतला तो या दुर्लक्षाचा सूड म्हणून, असं त्यांच्या बायकोचं, अलकाचं मत होतं.

त्यांना हात काढता येत नसत. पहिल्या वर्षीच्या त्यांच्या चित्रांत सगळी माणसं खिशात हात घालून उभी आहेत. उंटांना खिसे नसले तरी पायांचा प्रश्न येतो, म्हणून उंट त्यांनी सोडून दिले. मग एका रात्री यूट्यूबवर त्यांना पोस्ट-इम्प्रेशनिझम सापडला. जे दिसतं ते काढायचं नाही, जे वाटतं ते काढायचं. रेषा चुकली तर तिला भावना म्हणतात. चेहरा हिरवा झाला तर तो मुद्दाम झालेला असतो. सकाळी त्यांनी अलकाला उठवून सांगितलं, "मी पोस्ट-इम्प्रेशनिस्ट आहे." अलका म्हणाली, "आधी दूध आणा."

त्यानंतरची कारकीर्द चढती होती. ट्यूबमधून थेट दाबून रंग लावायचा, वाळला की पुन्हा लावायचा. एकेक चित्र भाकरीएवढं जाड होई. ते मित्रांना भेट म्हणून देत, आणि ते येणार असं कळलं की मित्र घड्याळ काढून त्या खिळ्यावर चित्र टांगत. बँकेच्या कॅलेंडरात त्यांचं एक चित्र छापलं गेलं. फेब्रुवारीवर. सगळ्यांत लवकर उलटलं जाणारं पान, असं अलका म्हणे. कान कापून घेतलेल्या त्या डच चित्रकाराबद्दल ते घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत, आणि तोही हयातीत असाच दुर्लक्षित होता, हे सांगताना थोडे खूश दिसत.

'स्त्री-चित्रकार' हे त्यांचं सर्वांत मोठं काम. मंडळाच्या बालचित्रकला स्पर्धेत विभाने मुलांना रंग मिसळून दाखवले होते. ती मुंबईत रीतसर चित्रकला शिकलेली. इथे घरी मुलांचे वर्ग घेई, आणि उरलेल्या वेळात वहीच्या पानाएवढ्या कागदांवर गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या, एसीचे गंजलेले सांगाडे, धूळ बसलेल्या गाड्या अशा गोष्टी काढी, ज्यांत कुणाला काही विशेष दिसत नसे. रंग मिसळताना तिने क्षणभर उजवी बाही वर सारली आणि दीनानाथांनी नेमका तेव्हा फोनने फोटो काढला. तो टॅब्लेटवर मोठा करून दोन महिने ते त्याच्यापुढे बसले. विभाला त्यांनी विचारलं नाही. पोस्ट-इम्प्रेशनिझममध्ये विचारत नाहीत, अशी त्यांची समजूत होती.

चित्रात ती इझेलपुढे बसली होती. चेहरा नारिंगी, मागची भिंत बाटलीच्या काचेसारखी हिरवी, गळा जरा मोठा झालेला, कारण कुर्त्याची कड नेमकी कुठे येते ते दीनानाथांना सापडलं नव्हतं. हात मात्र प्रथमच जमला होता. ब्रश धरलेला उजवा हात, आणि त्याचं मनगट जांभळं.

मंडळाच्या प्रदर्शनात या चित्राला मुख्य भिंत मिळाली. विभाचे कागद स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात लावले होते. तिथे वर्दळ जास्त असते, असं शार्दूलरावांनी तिला समजावलं होतं.

प्रमुख पाहुण्या म्हणून एका कलादालनात काम करणाऱ्या लेबनीज बाई आल्या. समई झाली, सत्कार झाला, आणि बाई चित्रापुढे उभ्या राहिल्या त्या हलेनात.

"हे मनगट," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "सगळं चित्र या मनगटात आहे. एवढा जांभळा लावायला हिंमत लागते. कुठून आणलात हा रंग?"

"वाटला," दीनानाथ म्हणाले.

"सगळ्यांनी जवळ या," बाई म्हणाल्या. "जवळून पाहा."

पन्नासेक माणसं पुढे वाकली आणि विभा रेवणकरच्या मनगटाकडे टक लावून पाहू लागली. कुणीतरी म्हणालं, "काय बारकाईने पाहिलंय हो!" गर्दीत विजयही होता. तो वाकला नाही. तो वळला, आणि समई हाताशीच होती.

*

इमर्जन्सीतल्या इजिप्शियन डॉक्टरने भूल लागायच्या आधीच पहिला टाका घातला, कारण सुट्टीच्या आदली, गुरुवारची रात्र होती आणि रांग लांब होती. दीनानाथ ओरडले. मलयाळी सिस्टरने त्यांचं डोकं उशीवर दाबून धरलं.

"अंकल, हिलो मत. कान टेढा लगेगा."

"कौन सा है?" दीनानाथांनी विचारलं.

"क्या कौन सा?"

"कान. लेफ्ट या राइट?"

"राइट."

दीनानाथ हिरमुसले. त्या डच माणसाचा डावा होता. गालाचं हाड तडकलं आहे हे त्यानंतर सांगण्यात आलं, तेव्हा त्यांचं तिकडे फारसं लक्ष नव्हतं.

मारामारीचं कारण काय, ते ग्रुपवर मध्यरात्रीपर्यंत ठरलं होतं. गळा. एवढा मोठा गळा काढायची काय गरज होती, असं बायकांचं म्हणणं पडलं. डोळे चित्रकाराकडे बघताहेत, याचा अर्थ काय तो समजा, असं पुरुषांचं. कुणीतरी कानाचा विनोद केला आणि त्यावर हसणारे चेहरे एवढे आले की मूळ व्हिडिओ शोधायला वर बरंच सरकावं लागे.

शुक्रवारी सकाळी शार्दूलराव हॉस्पिटलच्या खोलीत आले ते कागद घेऊनच. अलका डिस्चार्जची चौकशी करायला खाली गेली होती. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून 'स्त्री-चित्रकार' उभं होतं. दीनानाथांनी गाडीत स्वतःच्या आधी ते चढवायला लावलं होतं.

"दिनू, हा तनाझुल," शार्दूलराव म्हणाले. "माझी तक्रार नाही, मी माफ केलं, एवढंच लिहिलंय अरबीत. हा गेला की ते त्याला सोडतील."

"माझं हाड तडकलंय, शार्दूल."

"हाड जुळेल रे. त्याचा जॉब गेला तर जुळणार आहे का? केस उभी राहिली की इकामा रद्द, राहायचा परवानाच गेला, की थेट विमानात. मराठी माणसाने मराठी माणसाला आत घातलं, हे बरं दिसतं? आणि इस्तिराहा कुणाच्या नावावर घेतली होती? माझ्या. तुझ्या बँकेतही विचारतील, मारामारी कशावरून झाली. काय सांगशील? गळ्यावरून?"

"तो गळा मुद्दाम नाहीये. म्हणजे, मुद्दाम आहे, पण तसा नाही."

"मला माहितीये. मी सगळ्यांना तेच सांगतोय." शार्दूलरावांनी पेनाचं टोपण काढलं. "हे बघ, पुढच्या वर्षी प्रदर्शन तुझ्या एकट्याचं. अख्खा हॉल. बोळसुद्धा तुझा."

दीनानाथांनी छताकडे पाहिलं. मार खाल्लेला, रक्त सांडलेला, तरीही क्षमा करणारा चित्रकार त्यांना तिथे दिसला असावा, कारण त्यांचे डोळे पाणावले. त्यांनी सही केली. सवयीने कोपऱ्यात तिरकी केली आणि खाली नुसतं वर्ष टाकलं. शार्दूलरावांनी तारीख घालून घेतली.

*

विभा आली तेव्हा दुपारची नमाज नुकतीच झाली होती. काळ्या अबायाच्या बाह्या बोटांपर्यंत होत्या. हातात थर्मास.

"अलकाताई?"

"फार्मसीत. बस ना."

ती बसली नाही. दीनानाथ उशीवर जरा वर सरकले. बँडेजमुळे चेहऱ्याचा निम्माच भाग कामाला येत होता, पण त्यावर त्यांनी होईल तेवढं औदार्य आणलं. ती आता रडेल, हात जोडेल, आणि मग आपण हळूच सांगू की वेडे, सही तर सकाळीच केली. हे वाक्य त्यांनी दोनदा मनात म्हणून पाहिलं होतं.

"दादा, एक मागायला आलेय. नाही म्हणू नका."

"बोल."

"सही करू नका."

दीनानाथांनी डोळे मिटले होते ते उघडले.

"शार्दूलराव कागद घेऊन येतील," विभा म्हणाली. "आज नका करू. उद्याची रात्र जाऊ दे. मग हवी तर करा."

"अगं, पण तो तुझा नवरा—"

"हो."

"हे बघ, चित्रावरून गैरसमज झालाय. त्याला वाटलं, मी तुला समोर बसवून... तो गळा—"

"गळ्याचं कोण म्हणालं?"

"ग्रुपवर."

विभाने थर्मास खाली ठेवला. कोपऱ्यात गेली आणि चित्र दोन्ही हातांनी फिरवून तोंड खोलीकडे केलं. नारिंगी चेहरा शाबूत होता. डोळे होते. गळा जेवढा होता तेवढाच होता. उजव्या हाताच्या जागी मूठ जाईल एवढं भोक पडलं होतं. बोटं आणि ब्रश एका बाजूला, कोपर दुसऱ्या बाजूला, मध्ये मनगट नव्हतं. भोकाच्या काठाला जांभळ्याच्या चिंध्या होत्या.

"तीनदा मारलं ना त्याने? कुठे मारलं बघा."

दीनानाथ बघत राहिले.

"फोटो आहे तुमच्याकडे?"

टॅब्लेट उशाशीच होता. फोटो काढायला त्यांना शोधावं लागलं नाही. दोन बोटांनी मोठा केला, सवयीने मनगटापाशी नेला. हा तुकडा त्यांना पाठ होता. एकाला लागून दुसरा, त्याला लागून तिसरा असे जांभळे त्यांनी ताटलीत मिसळून काचेवर लावून पाहिले होते, आणि एक जुळेना म्हणून एका शुक्रवारी जेवले नव्हते. ते जांभळे सगळे तिथे होते. फक्त आता ते रंग नव्हते. एकाखाली एक, सारख्या अंतरावर, चार बोटं होती. अंगठा मागच्या बाजूला असणार.

"मला वाटलं, सावली आहे," ते म्हणाले.

"सावली एका बाजूला असते, दादा."

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत राहिलं आणि थांबलं.

"उजवाच धरतो," विभा म्हणाली. भाजी कुठल्या दुकानात ताजी मिळते ते सांगावं तसं. "त्या वेळी ब्रश त्याच्या कॉफीच्या मगात धुतला होता मी. तो मग म्हणजे नुसतं निमित्त. डाव्याला कधी हात लावत नाही. उजवा एकदा मोडलाय, आमचा आदित्य दहावीत होता तेव्हा. जिन्यावरून पडले सांगितलं. तुम्ही दोघं भेटायला आला होतात, संत्री घेऊन."

दीनानाथांना संत्री आठवली.

"तू कधी बोलली नाहीस."

"कुणाशी?" तिने खरोखरच विचारलं. मग टॅब्लेट त्यांच्या हातातून घेऊन पालथा ठेवला. "ऐका, वेळ नाहीये. त्याचा फोन माझ्याकडे आहे. पासवर्ड आदित्यचा वाढदिवस. पहाटे त्याच्या सरकारी ॲपमधून मी माझा एक्झिट काढला, देश सोडायचा परवाना. इतकी वर्षं तो ते बटण दाबत नव्हता. तेवढंच होतं हो, एक बटण. उद्या रात्रीचं विमान आहे, आधीचं मिळालं नाही. तिकडे आदित्य हॉस्टेलमधून घ्यायला येतोय. पण विजय आज बाहेर आला, तर त्याच बटणाने रद्द करेल. आणि मग—" तिने भोकाकडे पाहिलं नाही. "म्हणून म्हटलं, एक दिवस. तुम्ही फक्त काही करू नका. एवढंच मागतेय."

काही न करणं दीनानाथांना आयुष्यात कधी जड गेलं नव्हतं.

"विभा," ते म्हणाले.

तिने त्यांच्या चेहऱ्याच्या उघड्या भागाकडे पाहिलं.

"कधी?"

"सकाळी. शार्दूल नऊलाच आला."

"अच्छा."

तिने थर्मासचं झाकण आणखी घट्ट पिळलं. ते घट्टच होतं.

"त्यानं सांगितलं, जॉब जाईल," दीनानाथ म्हणाले. "आणि मंडळाचं... मला कल्पना नव्हती, विभा. देवाशपथ. मी दोन महिने बघत होतो, पण मला—"

"चहा गरम आहे तोवर घ्या."

दारापाशी गेल्यावर ती चित्रापुढे थांबली. मुलांच्या वह्या तपासताना पुढे झुकत असावी तशी झुकली. भोकाच्या काठाची एक चिंधी बोटाने सपाट केली.

"रंग चांगला लागलाय," ती म्हणाली. "कडेला पिवळा हवा होता. फोटोतला चार दिवसांचा होता."

दार आपोआप बंद होणारं होतं. ते सावकाश बंद झालं.

*

अलका औषधांची पिशवी घेऊन आली, तेव्हा दीनानाथ पलंगावरून पाय खाली सोडून बसले होते.

"झोपा. टाके उसवतील. विभा दिसली लिफ्टपाशी, बोलली नाही. रडली का?"

त्यांनी टॅब्लेट पुढे केला. अलकाने चष्मा न लावताच पाहिलं.

"हं."

"तुला माहीत होतं?"

"संशय होता. फोटोत बघितल्यावर संशय गेला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. म्हटलं, अहो, हिच्या हाताला काय झालंय बघा. तुम्ही अर्धा तास मला कॉम्प्लिमेंटरी कलर समजावलात." अलकाने गोळ्यांची पट्टी दाताने फाडली. "मग मला वाटलं, तुम्ही जाणूनबुजून काढताय. प्रथमच काहीतरी शहाणपणाचं करताय, म्हणून गप्प बसले. घ्या, ही जेवणानंतरची आहे."

दीनानाथांनी गोळी हातातच ठेवली. डाव्या कानाला फोन लावला.

"शार्दूल, तो कागद परत घेता येईल का?"

"बरा आहेस ना? डोक्यालापण लागलंय का?"

"तू दिलास चौकीत?"

"दिला तर! उन्हात तासभर उभा होतो. त्या पोराने घेतला, शिक्का मारला, ट्रेमध्ये टाकला." शार्दूलरावांचा आवाज खाली आला. "पण एक भानगड आहे. सोडायची ऑर्डर साहेबांच्या सहीने निघते आणि साहेब आता रविवारीच. माझ्या डोक्यातच आलं नाही की आज शुक्रवार, आज-उद्या सुट्टी. तू गडबडीत सही केलीस, मी गडबडीत पळालो. दोन दिवस बिचारा आत कुजणार."

दीनानाथांनी मनात दिवस मोजले: आज, उद्या, रविवार.

"विभाला अजून सांगितलं नाही," शार्दूलराव म्हणाले. "फोनवर कसं सांगणार? उद्या संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण जातोच आहोत तिच्याकडे. बायका डबे करताहेत. तिला एकटं ठेवायचं नाही, असं ठरलंय."

"जाऊ नका."

"का?"

दीनानाथांनी भोकाकडे पाहिलं. मग अलकाकडे. अलका पेल्यात चहा ओतायची थांबली होती.

"तिला आत्ता माणसं नको आहेत," ते म्हणाले. "मी सांगतो म्हणून. कुणीही जायचं नाही. गेलात तर मी ग्रुपवर लिहीन, की मारामारी मी सुरू केली आणि समई तूच माझ्या हातात दिलीस."

"दिनू!"

"आणि पुढच्या वर्षी तिला बोळ नाही. सांगून ठेवतो. हॉलच तिचा."

"अरे, ती कशाला—"

त्यांनी फोन बंद केला. विभाचा नंबर काढला. बरंच लिहिलं. त्यात क्षमा होती, संत्री होती, डच चित्रकारही एका ओळीत आला होता. मग ते सगळं त्यांनी पुसलं आणि एकच शब्द पाठवला.

'रविवार.'

खूण निळी झाली.

"गोळी," अलका म्हणाली.

त्यांनी गोळी घेतली.

साहेब रविवारीही आले नाहीत. सोमवारी आले.